मोठ्या अक्षरांचा मान

महाडला टायपिंग शिकायला जाणारी एक मुलगी माझ्या फार जवळच्या ओळखीची होती. वेणी घट्ट, मान ताठ आणि डोक्यात हवा. बिरवाडीहून एसटीने यायची आणि परत जाताना खिडकीशी बसून मांडीवर बोटं चालवायची. शेजारच्या बाईने विचारावं आणि हिने "टायपिंगची प्रॅक्टिस" असं इंग्रजी उत्तर द्यावं, एवढाच त्यामागचा हेतू. एकदा एका म्हातारीने विचारलंच. "पोरी, अंगात वारं आलंय काय गो?"

ती मुलगी म्हणजे मीच. आता पंचाहत्तरीकडे झुकले, तरी तिची आठवण आली की मला अजून हसू येतं. जरा रागही येतो, पण हसू जास्त.

तेव्हाच्या टाइपरायटरला डाव्या हाताशी शिफ्ट लॉक नावाचं एक बटण असे. ते दाबून ठेवलं की इंग्रजी अक्षरं सगळी मोठी उमटत. ते बटण सापडलं आणि त्या बयेला जगाचा अर्थ लागला. मोठी अक्षरं मोठ्या माणसांसाठी असतात, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं. कुणी शिकवलं नव्हतं. शिकवणारे सर बिचारे घसा फोडून सांगत, नावाचं पहिलं अक्षर मोठं, बाकीची लहान. पण सरांची चप्पल अंगठ्याला शिवलेली होती, तेव्हा त्यांना मोठेपणातलं काय कळणार, असं हिचं मत.

लग्न होऊन पोलादपूरकडे आले आणि एका सोसायटीच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून चिकटले. तिथे या विद्येला बहर आला. चेअरमनचं नाव सगळं मोठ्या अक्षरांत, दोन अक्षरांत एकेक मोकळी जागा सोडून, खाली रेघ. गावातल्या मानकऱ्यांची नावं मोठ्या अक्षरांत, पण रेघ नाही. डोंगरवाड्यांवरची माणसं मात्र सगळी लहान अक्षरांत, पहिलं अक्षरसुद्धा मोठं नाही. का, तर शिफ्ट दाबून करंगळी दुखते. माझी करंगळीदेखील माणूस बघून दुखायची. साहेबांनी कधी हटकलं नाही. उलट म्हणाले, "बाई माणसं बरोबर ओळखतात."

माहेराहून आलेल्या भांड्यांवर नाव घालायची वेळ आली तेव्हा मी महाडच्या कारागिरापुढे बसून इंग्रजी मोठ्या अक्षरांत नाव कोरून घेतलं. हंडा, कळशी, परात, सगळ्यांवर. सासूबाईंनी हंडा फिरवून फिरवून पाहिला. "कंपनीचं नाव लई मोठं घातलंय," म्हणाल्या. "पण तुजं नाव कुटं हाय?"

माझ्या या मोठेपणाला एकच माणूस कधी भुलला नाही. ती डोंगरावरची माझी मैत्रीण. आमच्या गावाच्या डोक्यावर, शेवटचा चढ संपतो तिथे चार घरांची वाडी आहे. ढोरं, थोडी नाचणी, वरी आणि वारा. ही तिथली. माझ्याच वयाची. रोज सकाळी दुधाची किटली घेऊन खाली उतरायची आणि माझ्या पडवीत चहा प्यायची. कचेरीतून मी तिच्या नवऱ्याच्या नावाचा कागद आणला होता, तो तिने उलटासुलटा धरून पाहिला. "ह्यांचं नाव बारीक का गो? उपास हाय काय?" मी म्हटलं, इंग्रजीत असंच असतं. "असंल," म्हणाली. "इंग्रज गेलं, तरी आमी बारीकच."

आता शिमग्याकडे येते, कारण खरी गोष्ट तिथली आहे.

होळी पेटली की आमच्या ग्रामदेवतेची पालखी घरोघर निघते. प्रत्येक अंगणात उतरते, घरची बाई ओटी भरते, पोरं ढोलावर नाचतात. मुंबईची माणसं यासाठी रजा टाकून वीर स्टेशनवर उतरतात आणि रिक्षावाल्यांशी भांडत घरी येतात. पालखी कुठल्या घरी आधी, कुठल्या घरी नंतर, हा क्रम गावकीत ठरतो. गावकी म्हणजे गावातल्या पुरुषांची सभा. त्यात मानकरी बोलतात आणि बाकीचे तंबाखू मळतात. पहिला मान मानकऱ्यांचा, मग त्यांच्या भावकीचा, मग त्यांच्याशी न भांडलेल्यांचा. डोंगरवाडी शेवटी.

शेवटी म्हणजे काय, तर दरवर्षी शेवटच्या दिवशी पालखी चढाच्या पायथ्याशी येते. भोई घामाने निथळत असतात, कुणाचा घसा बसलेला असतो, कुणाची आदल्या रात्रीची उतरलेली नसते. मग कुणीतरी म्हणतं, "चढ फार हाय." आणि पालखी मागे फिरते. वर जातो तो प्रसादाचा नारळ, कुणाच्या तरी हातात. गंमत अशी की त्याच भोयांतले दोघं हिरकणीवाडीला गाइडचं काम करतात. रोपवे डोक्यावरून जात असताना पाहुण्यांना पायी गडावर चढवतात आणि वाटेत इतिहासही सांगतात. तो चढ त्यांना लागत नाही. वाडीचा लागतो.

माझी मैत्रीण तरणी होती तोवर खाली येऊन देवळात दर्शन घ्यायची. आता तिचे गुडघे गेले. डोंगर उतरणं बंद झालं, दूध नातू मोटारसायकलवरून आणतो. तरी शिमग्याला दरवर्षी ती अंगण सारवते, रांगोळी काढते आणि वाट बघते. मागच्या वर्षी मी फोन केला तर म्हणाली, "आला गो नारळ. देव पायथ्यावरनं गेला. ढोल ऐकला मी. माज्या अंगनात यील तवा यील. मी हाय तवर यावा, म्हंजे झालं."

हे मी आमच्या नातीला सांगितलं. नात इंजिनिअरिंगला आहे, कॉम्प्युटरचं शिकते. तिने ऐकलं आणि सरळ आमच्या धाकट्या दिरांकडे गेली. दीर म्हणजे गावचे पहिले मानकरी. टोपी कडक, आवाज त्याहून कडक. नात म्हणाली, "आजोबा, यंदा पालखीचा क्रम मी प्रोग्रॅमवर लावून देऊ? घरांची नावं टाकायची, आडनावाच्या अक्षराप्रमाणे ओळीने येतील. दर वर्षी पुढच्या अक्षरापासून सुरू करायचं. कोणाचा राग नको, कोणाचा लोभ नको."

दीर "नाही" म्हणणार होते. पण त्या वर्षी मुंबईच्या तरण्या पोरांनी क्रमावरून व्हॉट्सॲपवर इतकं रान उठवलं होतं की त्यांनाही कोणाच्या तरी डोक्यावर भार टाकायचा होता. कॉम्प्युटरचं डोकं आयतं मिळालं. "कर," म्हणाले. "पन गावकीसमोर. आनी चुकलं, तर परत गावकीच्या कामात बायामान्सांनी पडायचं नाय."

म्हणजे डोंगरवाडीचा देव आणि पोरीची पत, दोन्ही एका पोटलीत.

नावं टाइप करायचं काम मी मागून घेतलं. का नाही घेणार? गावात माझ्याइतक्या वेगाने बोटं कोणाची चालतात? लॅपटॉप मांडीवर घेतला आणि पंचवीस वर्षांची झाले. इंग्रजी अक्षरांतच टाकायची होती, कारण मुंबईकरांना देवनागरीत काही दाखवलं तर चष्मा विसरलो म्हणतात. मी एका दमात सगळं गाव टाइप केलं. नात पाणी देऊन गेली, तिने पाहिलंसुद्धा नाही. मीही पाहिलं नाही. टायपिस्टने बोटांकडे पाहायचं नसतं, हे सरांनी शिकवलेलं तेवढं लक्षात होतं.

संध्याकाळी देवळाच्या मंडपात गावकी बसली. बाया मागे भिंतीशी, मीही त्यात, नात लॅपटॉप घेऊन मध्ये. कोणीतरी मुंबईहून आणलेला प्रोजेक्टर भिंतीवर लावला होता. तिने बटण दाबलं आणि क्रम भिंतीवर उमटला.

पहिलं घर आमच्या दिरांचं. मग आमचं. मग दुसरे मानकरी, मग तिसरे. सगळे मानकरी ओळीने, मोठमोठ्या अक्षरांत, छाती काढून उभे. ते सगळे संपले की त्यांच्या पायाशी, बारीक अक्षरांत, डोंगरवाडी, आणि तिच्याखाली बाकीचं गाव.

मग दीर उठले. त्यांच्या तोंडावर जो आनंद होता तो त्यांच्या लग्नातही मी पाहिला नव्हता.

"बघितलंत?" ते म्हणाले. "मशीन हाय मशीन! त्याला ना भावकी, ना सोयरं. त्यालापन कळतं मान कुनाचा."

"बराबर हाय!" दुसरे मानकरी म्हणाले. कालपर्यंत ते कॉम्प्युटरला थोतांड म्हणत होते.

नात हळूच सरकत माझ्याजवळ आली. चेहरा पांढरा. कानात म्हणाली, "आजी, हे चुकलंय. तू मानकऱ्यांची नावं कॅपिटलमध्ये टाकलीस का?"

"मग? मानकरी आहेत ते."

"आणि बाकीची स्मॉलमध्ये?"

"करंगळी दुखते गं."

तिने कपाळाला हात लावला. "आजी, मशीनला मोठा ए आणि लहान ए ही दोन वेगळी अक्षरं आहेत. त्याच्या रांगेत आधी सगळी मोठी अक्षरं उभी असतात, पार झेडपर्यंत. मग लहान ए येतो."

"म्हणजे मोठा झेडसुद्धा लहान एच्या पुढे?"

"हो."

"मग मशीन आपल्याच गावचं की गं."

तिला हसू आलं नाही. "डोंगरवाडीचं आडनाव ए पासून सुरू होतं, आजी. ते पहिलं यायला हवं होतं. एकच शब्द घालायचा राहिला माझ्याकडून. लोअर. नावाच्या पुढे टिंब द्यायचं, लोअर लिहायचं आणि पुढे दोन कंस. मग मशीन सगळ्यांना लहान अक्षरांत धरूनच तुलना करतं."

"कंसात काय लिहायचं?"

"काही नाही. रिकामे."

"मग ते कशाला?"

"कंस म्हणजे 'आता कर' असं सांगणं. नुसतं लोअर म्हटलं तर मशीन म्हणतं, हो, असं काहीतरी माझ्याकडे आहे. करत काही नाही."

हे ऐकून मी गावकीकडे पाहिलं. सगळी रिकाम्या कंसांशिवाय बसलेली.

"मी उठून सांगते," नात म्हणाली. पोर खरी आहे, आईवर गेली आहे. तिने गुडघ्यावर हात टेकला आणि मी तिचं मनगट धरलं.

"थांब."

"अगं पण चुकीचं..."

"थांब म्हटलं ना. आधी गाऱ्हाणं होऊ दे."

कारण दीर तिकडे गुरवाला खूण करत होते. मी त्यांना लग्न होऊन आले तेव्हापासून ओळखते. तेव्हा त्यांना मिसरूडही फुटली नव्हती. हातात आलेलं जिंकलेलं पान ते कधी उघडं ठेवत नाहीत, लगेच देवाच्या पायाखाली दडपतात. उद्या मुंबईची पोरं कुरकुरतील, त्याआधी देवापुढे बांधून टाकायचं होतं त्यांना. गुरव गाभाऱ्यासमोर उभा राहिला. आमच्याकडे देवापुढे असं गाऱ्हाणं घातलं की ते मोडायची कोणाची छाती होत नाही. मोडलं आणि नंतर म्हैस जरी शिंकली तरी लोक त्याकडेच बोट दाखवतात.

"हे म्हाराजा," गुरवाने सूर लावला, "आज तुज्या पायाशी सगळी गावकी गोळा झालीय..."

"होय म्हाराजा!"

"ह्या पोरीचं मशीन जो क्रम दावील, त्याच क्रमानं पालखी फिरंल..."

"होय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज दिरांचा.

"कुनी मान मागनार नाय, कुनी वाट मोडनार नाय, चढ बघनार नाय, उतार बघनार नाय..."

गुरवाने चढ-उतार तालात बसतो म्हणून म्हटलं असावं. मला मात्र देवळातच त्याला ओवाळावंसं वाटलं.

"होय म्हाराजा!"

नारळ फुटला. मी मनगट सोडलं. "आता सांग," म्हटलं.

नात उभी राहिली. म्हणाली, प्रोग्रॅममध्ये माझी चूक राहिली आहे. मशीनने मान पाहिला नाही, फक्त अक्षराचा आकार पाहिला. आता दुरुस्त करते. मंडपात गलका व्हायच्या आत तिने तो एक शब्द लिहिला, कंस उघडून मिटले आणि बटण दाबलं.

भिंतीवरची नावं हलली. डोंगरवाडी मानकऱ्यांच्या पायाशून उठून थेट वर जाऊन बसली. दिरांचं घर खाली घसरलं, त्याखाली आमचं, आणि मधल्या जागेत ज्यांना गावकीत कधी तोंड उघडायला मिळालं नव्हतं ती घरं. एका मानकऱ्याच्या घराआधी त्याच्याच गुराख्याचं घर आलं.

"हे काय?" दीर ओरडले. "आमचं नाव लहान केलंस?"

"नाही आजोबा. नाव तसंच आहे, बघा ना," नात म्हणाली. आणि खरंच, भिंतीवर त्यांचं नाव अजून मोठ्या अक्षरांतच होतं, फक्त खालच्या ओळीत. "मूळ नावाला हात लागत नाही. तुलना करण्यापुरतं मशीन लहान अक्षरांत धरतं."

"म्हंजे?"

इथे मी उठले. गुडघे वाजले ते मागच्या बायांनी ऐकले, पण आवाज नीट निघाला. "भावजी, देवळात येताना चपला कुठं काढल्या?"

"भायेर."

"कुणी नेल्या का?"

"कोन नेनार? भायेर हायत."

"मग आत आलात म्हणून पाय कमी झाले का तुमचे? तेवढंच आहे. रांगेत उभं राहण्यापुरत्या चपला काढायच्या. रांग सुटली की घाला, करकर वाजवत फिरा."

भिंतीशी बसलेल्या बायांत एकीने पदर तोंडात कोंबला. मुंबईच्या पोरांनी तर शिट्टीच मारली.

"वैनी," दीर आवाज खाली आणून म्हणाले, "पहिलं कोन, शेवटचं कोन, ते जाऊ दे, पन वाडीचा चढ! पहिल्याच दिशी देवाला एवढा चढ..."

"देव चालत नाही भावजी. तुम्ही नेता. आणि चढ बघनार नाय असं आत्ताच म्हणालात, सगळ्यात मोठ्यानं."

"मशीननं पहिलं दावलं, त्याला म्हनलो मी!"

आता गुरव पुढे झाला. गुरव म्हातारा, उगाच बोलत नाही. म्हणाला, "गाऱ्हान्यात 'दावलेला' नाय म्हनलो. 'दावील' म्हनलो. देवानं तसंच ऐकलं आसनार." आणि नारळाची भकलं वाटायला लागला. दिरांनी हातात आलेलं भकल पाहिलं. ते खाल्लं म्हणजे मान्य. न खाल्लं म्हणजे देवाचं टाकलं. सगळी गावकी त्यांच्या दातांकडे बघत होती.

त्यांनी खाल्लं. फार वेळ चावत होते.

पालखी निघायच्या आदल्या दुपारी मी पिकअपने वाट जाते तिथवर गेले आणि पुढे नातीच्या खांद्याला धरून वाडीवर पोचले. मला तिथं असायचंच होतं. मैत्रिणीला फोनवर सगळं सांगितलं होतं, तरी तिचा विश्वास नव्हता. "सकाळी यील म्हनतेस? यील. नारळ यील." म्हणाली, आणि मला वरीचा भात वाढला. तिच्या घरातल्या मांडणीवर माझी एक परात होती, कधीतरी लग्नाला नेलेली. त्यावर माझं नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत. घासून घासून निम्मं पुसलं होतं. ती म्हणाली, "ही तुजी कंपनी नेतेस काय परत?" सासूबाईंचा तो शेरा हिला कोणी सांगितला, देव जाणे. म्हटलं, राहू दे.

सकाळी ती सारवायला बसली, निवांत. दरवर्षीच्या सवयीने तिच्या डोक्यात पालखीची वेळ म्हणजे ऊन डोक्यावर येणं. मी म्हटलं, अगं लवकर कर. म्हणाली, "गपचीप बस गो. पन्नास शिमगं सारवलंय मी."

अर्धं अंगण झालं असेल, तोच खालून ढोल. आणि ढोल पायथ्याशी थांबला नाही. आवाज वर येऊ लागला. वळणाला लपला, पुन्हा आला. ती सारवणाचा हात तसाच हवेत धरून ऐकत राहिली. मग गुलालाने माखलेली डोकी दिसली, भोई दिसले, हिरकणीवाडीचे दोघे सगळ्यात पुढे, मागे टोपी हातात घेऊन धापा टाकत दीर.

मला वाटलं आता रडेल. मी पदराचं टोकही हातात धरून ठेवलं होतं.

ती उठली, शेणाचे हात कमरेवर ठेवले आणि ओरडली, "थांबा रे! पाय ठेवू नका कुनी! अंगन ओलं हाय! येवड्या लवकर यायला कुनी सांगितलं तुमाला?"

पालखी जागच्या जागी थांबली. देवाची पालखी अंगणाशिवाय कुठे खाली ठेवता येत नाही. खांद्यावर नुसती धरूनही उभं राहता येत नाही, नाचवावी लागते. मग काय, ढोल सुरू, आणि भोई अंगणाच्या कडेला, बांधावर, पालखी नाचवत राहिले, ऊन लागून सारवण वाळेपर्यंत. खांदे बदलत, शिव्या गिळत. खांदा द्यायला माणूस कमी पडला तेव्हा दीरसुद्धा आत शिरले. गावच्या पहिल्या मानकऱ्याला डोंगरवाडीच्या बांधावर पालखीखाली नाचताना मी पाहिलं, हे मी इथे लिहून ठेवते, कारण ते कधी कबूल करणार नाहीत.

ती मात्र उरलेलं अंगण सारवत होती. सावकाश, कोपऱ्यापर्यंत, एक टवका न सोडता. मग रांगोळी. मग हात धुतले, लुगडं बदलून आली. बोटाने सारवण चाचपून पाहिलं.

"या आता," म्हणाली.